अकराची कसोटी

गुरुवारी सकाळी ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाच्या जिन्यावर गर्दीत अडकले होते, तेव्हा बाबांचा फोन आला. "अगं, लॅपटॉपने मान टाकली."

"म्हणजे नक्की काय झालं?"

"टिंबं गोल फिरतायत. पाऊण तास झाला, नुसती फिरतायत. मी चहा घेऊन आलो, आंघोळ करून आलो, फिरतायतच."

संध्याकाळी ऑफिसातून थेट नौपाड्यात गेले. आई-बाबा अजून जुन्याच इमारतीत राहतात. बिनलिफ्टचे चार मजले, त्यातला दुसरा. पुनर्विकासाच्या गप्पा मी कॉलेजात असल्यापासून ऐकतेय. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवलेला आणि बाबा समोर हाताची घडी घालून बसलेले, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे. मी बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं, त्याखाली 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर', मग 'डायग्नोझिंग युवर पीसी', मग निळा पडदा, त्यावर दुरुस्ती करता आली नाही असा कबुलीजबाब. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. चार वेळा केलं. का केलं माहीत नाही, पाचव्यांदा काही वेगळं होईल असं वाटण्यासारखं काहीच दिसत नव्हतं.

त्या लॅपटॉपात दोन गोष्टी होत्या. एक, सोसायटीचे हिशेब. बाबा खजिनदार आहेत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस, हिशेबपत्रकासकट, १४ दिवस आधी सभासदांच्या हातात पडावी लागते. गौरी-गणपती होऊन घर नुकतं शांत झालेलं, म्हणजे हातात जेमतेम आठवडा. दुसरी गोष्ट, कुलवृत्तांत. निवृत्त झाल्यापासून बाबा आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहितायत. राजापूर, देवरुख, गुहागर अशा चकरा मारून, कोणाकोणाच्या माळ्यावरच्या ट्रंका उघडायला लावून, मोडीतली पत्रं वाचून घेऊन जमवलेली चारशेच्या वर माणसांची नोंद. हिशेब पुन्हा मांडता येतात, पावत्या असतात. ट्रंका दाखवणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी निम्मे आता नाहीत.

"कॉपी कुठे ठेवली होती का?" मी विचारलं.

"आहे ना," बाबा म्हणाले. "डेस्कटॉपवर पण आहे आणि माय डॉक्युमेंट्समध्ये पण आहे."

शुक्रवारी आम्ही लॅपटॉप घेऊन बाजारातल्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने दोनदा बटण दाबलं आणि निदान केलं, "विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावा लागेल. बाराशे. ऑफिस, फोटोशॉप सगळं फुकट टाकून देतो."

"आणि आतला डेटा?"

"तो गेला समजा. काढायचाच असेल तर वेगळे चार्जेस. साडेचार हजारांपासून सुरू."

"हार्ड डिस्क खराब झालीय का?"

"मॅडम, दिवसाला असे दहा येतात." हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्याने साधा स्क्रू-ड्रायव्हरही उचलला नव्हता. बाबांनी लॅपटॉप परत बॅगेत घातला आणि बॅग छातीशी धरली. येताना तलावपाळीला कठड्यावर दहा मिनिटं बसलो, काही बोललो नाही.

मी विमा कंपनीत नोकरी करते. संगणक वापरणं हेच दिवसभराचं काम, पण तो उघडून बघायची कधी वेळ आली नव्हती, बिघडला की आयटीवाल्यांना मेल टाकायची सवय. मात्र कठड्यावर बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली. तो निळा पडदा, ज्यावर 'ट्रबलशूट' वगैरे पर्याय येतात, तो येतो कुठून? तो काही हवेतून येत नाही. त्याच डिस्कच्या एका कोपऱ्यात दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला भाग असतो, तिथून तो चालू होतो. म्हणजे डिस्क वाचली जातेय. दाराची कडी आतून पडलीय. घर जळालंय असं सांगून तो मुलगा मोकळा झाला होता, इतकंच.

घरी येऊन बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात, शिरून बघितलं. चालू करताना एफ-२ दाबत राहायचं. डिस्कचं नाव, क्षमता, सगळं जागच्या जागी होतं.

शनिवारी सकाळी आठला मी पदर खोचून बसले. 'स्टार्टअप रिपेअर' करून पाहिलं, हात हलवत परत आलं. मग 'कमांड प्रॉम्प्ट' निवडलं आणि पडद्यावर जे आलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, रिकव्हरी की टाका. ४८ अंकी. खाली एक लांबलचक आयडी. दुसरा पर्याय घेतला, तिसरा घेतला, कुठल्याही कामाच्या दारावर हाच पहारेकरी.

"बाबा, तुम्ही कधी कुलूप घातलं होतं?"

"मी साधा पासवर्ड ठेवत नाही. तुझ्या आईची जन्मतारीख आहे ती."

"सगळ्या गावाला सांगा," आई आतून म्हणाली.

कुलूप कोणी घातलं नव्हतं, ते आपोआप लागलं होतं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांत, पहिल्यांदा सेट करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने आत शिरलं आणि आतली चिप वगैरे सामग्री योग्य असली, की डिस्कवरचा सगळा मजकूर सांकेतिक रूपात ठेवायला सुरुवात होते. रोज चालू करताना ती चिप किल्ली आपणहून देते, म्हणून आपल्याला पत्ताच नसतो. नेहमीची वाट सोडून दुसरीकडून आत जायला लागलं की चिप तोंड मिटते आणि किल्ली आपल्याकडे मागितली जाते. चोराच्या हाती लॅपटॉप लागला तर हीच गोष्ट आपल्या फायद्याची. पण त्या क्षणी चोर आम्हीच होतो. आणि दुकानात 'डेटा काढून देतो, साडेचारपासून' म्हणणाऱ्याने या किल्लीशिवाय काय काढलं असतं, ते त्यालाच ठाऊक. ही किल्ली हरवली तर ती मायक्रोसॉफ्टलाही बनवून देता येत नाही.

किल्ली जपून ठेवलेली असते ती त्या अकाउंटमध्ये, ज्याने लॅपटॉप पहिल्यांदा सेट केला. आता ते अकाउंट कोणाचं? लॅपटॉप घेतला २०२१ मध्ये, टाळेबंदीत. सेट करून दिला माझ्या भाच्याने, तेव्हा तो इंजिनिअरिंगला होता. आता नाशिकला नोकरी करतो. त्याला फोन लावला.

"मावशी, आठवत नाही गं. आजोबांचा ईमेल उघडत नव्हता त्या दिवशी... बहुतेक माझंच अकाउंट टाकलं असेल."

"बहुतेक?"

"थांब, बघतो."

तो बघत होता तेवढी पंधरा मिनिटं बाबा बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. त्या कुंड्यांना सकाळीच पाणी घालून झालं होतं. मग फोन वाजला. भाच्याच्या अकाउंटात तीन किल्ल्या होत्या, दोन त्याच्या लॅपटॉपांच्या आणि एक कशाची ते त्याला ओळखू येईना. आमच्या पडद्यावरच्या आयडीची पहिली आठ अक्षरं मी वाचली, त्याने त्याच्याकडची वाचली, तिसरीशी जुळली. फोटो पाठवला. सहा-सहा अंकांचे आठ गट.

आता हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण त्या दोन दिवसांतला मला सगळ्यात आवडलेला तास तो.

मी टाइप करणार, बाबा माझ्या फोनवरून वाचणार. बाबा गणिताचे शिक्षक, ठाण्यातल्याच शाळेत चौतीस वर्षं. ते काही 'तीन, चार, सहा, नऊ' असे सुटे अंक वाचणार नाहीत. जोडीजोडीने वाचतात, आणि अर्थातच मराठीत. "चौतीस, एकोणसत्तर, एक्कावन्न. पुढचा गट. अठ्ठावीस..." मी शाळा मराठीत केली, पण गेली वीस वर्षं पॉलिसी नंबर इंग्रजीत ऐकतेय आणि बोलतेय. आठही गट भरले, एंटर दाबलं. चुकीची किल्ली.

पुन्हा सगळं खोडून, पुन्हा अठ्ठेचाळीस अंक. पुन्हा चुकीची. भाच्याला फोन करून विचारलं, दुसऱ्याच लॅपटॉपची तर नाही ना पाठवलीस? आयडी जुळतोय मावशी, तो म्हणाला. मग तिसऱ्यांदा टाइप करून झाल्यावर, एंटर दाबायच्या आधी, बाबा म्हणाले, "थांब."

"काय?"

"हे गट सगळे अकराने जातायत."

मला वाटलं थकले. "बाबा, आपण नंतर..."

"नाही, बघ तरी. फोटोतले आठही." बाबांना ही खोड आहे. टीएमटी बसच्या तिकिटाचा नंबर, समोरच्या रिक्षाचा नंबर, लग्नातल्या आहेराच्या पाकिटावरचा आकडा, काहीही सापडलं की त्याला कशाने भाग जातो ते बघायचं. लहानपणी आम्हाला लाज वाटायची. "एकाआड एक अंकांची बेरीज कर. तीन, सहा, पाच, चौदा. चार, नऊ, एक, चौदा. फरक शून्य. जातो अकराने. एखादा गट तसा असेल, आठही असतील का उगाच? कोणीतरी मुद्दाम केलंय हे. आता तू टाइप केलेले वाच."

मी पडद्यावरचे गट एकेक वाचत गेले. पहिला जातो. दुसरा जातो. तिसरा जातो. चौथा, मी वाचला, "तीन चार सात नऊ पाच एक."

"तीन, सात, पाच, पंधरा. चार, नऊ, एक, चौदा. एक उरतो. हा नाही जात. इथे चुकलीस."

फोटोत ३४६९५१ होतं. मी ३४७९५१ दाबलं होतं. तीनही वेळा. एकोणसत्तर ऐकलं, कानाने 'सत्तर' पकडलं आणि बोट सातावर गेलं. (खरे अंक इथे बदललेत, पण बेरजा जुळवून घेतल्यात. बाबांनी तपासल्यात.)

"एकोणसत्तर म्हणजे सत्तराला एक उणा," बाबा म्हणाले. "दुसरीत शिकवलं होतं."

"नुसतं फोटोशी ताडून बघितलं असतं तरी सापडलं असतं," मी म्हणाले, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

"ताडताना डोळा फसतो. तुला जे असावंसं वाटतं तेच दिसतं. अकरा फसत नाही."

चौथा गट दुरुस्त केला. एंटर. काळी खिडकी उघडली, तिच्यात पांढरी लुकलुकती रेघ. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, "एवढंच?"

बाबांचं अनुमान खरं होतं, हे मी नंतर वाचून पाहिलं. या किल्लीचा प्रत्येक गट म्हणजे १६ बिटांची (शून्य किंवा एक मावणाऱ्या १६ घरांची) एक संख्या, तिला ११ ने गुणून लिहिलेली. आठ गट, आठ सोळे १२८ बिट. १६ बिटांत सगळ्यात मोठी संख्या ६५५३५ बसते, म्हणून कुठलाही गट ७२०८८५ च्या वर जाऊ शकत नाही. हा गुणाकार बाबांनी मी फोनवर कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत करून टाकला. अकराच का, हेही त्यांनीच सांगितलं. एखादा अंक चुकला तर नऊनेही कळतं, बहुतेक वेळा. पण शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, ६९ चे ९६ झाले, तर अंकांची बेरीज तीच राहते आणि नऊची कसोटी आंधळी होते. अकराची होत नाही. एक अंक चुकू दे की शेजारचे दोन उलटे होऊ देत, ती पकडतेच. ज्याने कोणी हे योजलं त्याला बाबांनी मनोमन पैकीच्या पैकी मार्क दिलेले मला चेहऱ्यावर दिसत होते.

आता आत शिरलो होतो, पण समोर माउसने टिचकी मारायला काही नाही, फक्त आज्ञा टाइप करायच्या. इथे भाच्याने फोनवरून एक युक्ती सांगितली. त्या काळ्या खिडकीत 'नोटपॅड' टाइप करायचं. नोटपॅड उघडतं. त्यात फाइल, ओपन. उघडणारी जी छोटी खिडकी, तिच्यात सगळे ड्राइव्ह दिसतात, फक्त खाली 'ऑल फाइल्स' निवडायला विसरायचं नाही, नाहीतर सगळं रिकामंच वाटतं. मीही आधी तेच केलं आणि काळजाचा ठोका चुकवून घेतला. शिवाय या दुरुस्तीच्या वातावरणात ड्राइव्हांची अक्षरं बदललेली असू शकतात. नेहमीचा सी आमच्याकडे डी होऊन बसला होता. त्या खिडकीत बाबांचा फोल्डर दिसला, त्यात 'कुलवृत्तांत शेवटचा', 'कुलवृत्तांत शेवटचा नवीन' आणि 'कुलवृत्तांत हाच घ्यावा' अशा तीन फाइली.

इथूनच कॉपी-पेस्ट होतं, पण किती झालं, किती राहिलं काही दाखवत नाही. म्हणून नोटपॅड फक्त जागा हुडकायला वापरलं आणि कॉपी 'रोबोकॉपी'च्या आज्ञेने केली. पहिल्या खेपेला ती एका फोल्डरात गेली, त्यातून पुन्हा त्याच नावाच्या फोल्डरात, पुन्हा त्यातच, पत्ता ओळीमागून ओळी लांबत चालला. विंडोजने जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीसाठी काही फोल्डरांच्या नुसत्या पाट्या ठेवलेल्या असतात, त्या फिरून तिथेच आणून सोडतात. आज्ञेच्या शेवटी 'स्लॅश एक्सजे' जोडलं की त्या पाट्यांकडे दुर्लक्ष होतं. हे कळेपर्यंत अर्धा तास गेला. मग ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर सुमारे ४० जीबी उतरायला अडीच तास. थालीपीठं झाली, खाऊन झाली.

"एवढ्या वेळात मी हाताने उतरवून काढला असता कुलवृत्तांत," आई म्हणाली.

आता डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं राहिलं. दुपारी बाबा म्हणाले, ताळा घेतल्याशिवाय काही पुसायचं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे पेनड्राइव्ह घेऊन गेलो. त्यांच्याकडे मुलाचा जुना संगणक आहे. फाइलींची संख्या दोन्हीकडे सारखी आहे का पाहिलं. हिशेबाची फाइल उघडली, एप्रिलपासूनची बाकी बाबांना तोंडपाठ होती, ती जुळली. जत्रेचा एक फोटो उघडला. कुलवृत्तांताची फाइल उघडायला गेलो तर काकूंच्या संगणकात वर्डच नव्हतं, तेव्हा तिचा नुसता आकार बघून समाधान मानलं. ही चूक पुढे भोवली.

तिथेच बसून विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह तयार केला. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला यूएसबी बंद करून ठेवलेलं असतं, त्यामुळे त्याचा काही उपयोग नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मीडिया क्रिएशन टूल फुकट मिळतं, ते चालवायचं, निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह द्यायचा, त्यावर जे असेल ते पुसलं जातं. घरात होता आरत्यांचा. विसर्जन होऊन गेलं होतं, तेव्हा बाप्पाची परवानगी आहे असं धरून चाललो.

रविवारी सकाळी पेनड्राइव्ह लावला, एफ-१२ दाबून बूट मेनूत गेले, पेनड्राइव्ह निवडला. विंडोजचा इन्स्टॉलर उघडला. प्रॉडक्ट की नाही असं सांगितलं तरी चालतं. लॅपटॉपबरोबर विंडोज आलेलं असेल तर परवान्याची नोंद मदरबोर्डातच असते, नंतर ती आपोआप जुळते. दुकानातल्या मुलाचं 'टाकून देतो' आठवलं. जे आमचंच होतं तेच तो चोरीचं करून देणार होता.

आणि मग 'कुठे टाकू' या पानावर यादी रिकामी. एकही ड्राइव्ह सापडला नाही.

काल ज्याच्यातून ४० जीबी काढलं ती डिस्क आज नाही? बाबा पुन्हा कुंड्यांकडे निघाले. मी फोनवर शोधत बसले. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क आणि प्रोसेसर यांच्यामध्ये व्हीएमडी नावाचा एक मध्यस्थ बसवलेला असतो. कंपनीने टाकून दिलेल्या विंडोजला त्याची ओळख असते, कोऱ्या इन्स्टॉलरला नसते. ओळख करून द्यायची तर त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि त्या पानावर 'लोड ड्रायव्हर' म्हणायचं. पुन्हा तिसरा मजला. लॅपटॉपच्या मॉडेलच्या पानावरून ड्रायव्हर उतरवला, पण तो एकाच फाइलीत गुंडाळलेला, इन्स्टॉलरला असा गठ्ठा चालत नाही. तो सोडवून आतल्या सुट्या फाइली काढायला लागतात. काकूंनी तोवर दोनदा चहा केला, आणि 'आमच्याही संगणकाचं जरा बघ ना' म्हणून झालं.

ड्रायव्हर लोड केला आणि यादी भरली. चार ओळी. एक १०० एमबीची, एक १६ एमबीची, एक मोठी, शेवटी दुरुस्तीचा कोपरा. सगळं मिळून २३८ जीबी.

"खोक्यावर २५६ होतं," बाबा म्हणाले. "१८ कुठे गेले?"

"खोक्यावरचा जीबी हजाराने मोजलेला, विंडोजचा एक हजार चोवीसने..."

"हां हां, कळलं." त्यांनी हवेतच तीनदा भाग दिला. "बरोबर आहे. फसवलेलं नाही."

चारही ओळी पुसायच्या होत्या. मी पहिली निवडली आणि बाबांकडे बघितलं. पेनड्राइव्ह त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता, खिशावर हात.

"पुसू?"

"ताळा जमलाय ना? पूस."

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. वीस-पंचवीस मिनिटं टक्के चढत गेले, लॅपटॉप दोन-तीनदा बंद-चालू झाला. मग वायफाय दिसेना, कारण त्याचाही ड्रायव्हर नव्हता, आणि इंटरनेटशिवाय ते पुढे जाऊ देईना. माझा फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, झालं. या वेळी अकाउंट बाबांच्या स्वतःच्या ईमेलने.

रात्री मी तिथेच राहिले होते. अपडेट उतरत होते. दहा वाजता बाबा उठले आणि रोजच्या फेरीला लागले. टीव्हीचं बटण बंद. गिझरचं बंद. मोबाइलच्या चार्जरचं बंद. मग टेबलाजवळ आले आणि त्यांचा हात लॅपटॉपच्या प्लगच्या बटणाकडे गेला.

"बाबा! बुधवारी रात्री लॅपटॉपवर काय दिसत होतं, आठवतंय?"

"टक्के होते काहीतरी. तीस-पस्तीस."

"आणि तुम्ही बटण बंद केलंत."

"मग? रात्रभर चालू ठेवायचं? शॉर्टसर्किट झालं म्हणजे?"

चार वर्षांची बॅटरी, ती आता दहा मिनिटंही धरत नाही. अपडेट अर्ध्यावर असताना खालून वीज गेली, वरून बॅटरी गेली. शपथेवर सांगता येणार नाही, पण माझ्या लेखी गुन्हा उघडकीला आला. बाबांच्या लेखी नाही. त्यांच्या मते, बटण बंद केल्याने जी वस्तू बिघडते ती मुळात नीट बनवलेली नसते.

सोमवारी ऑफिसात असताना पुन्हा फोन. आवाज पडलेला. "अगं, कुलवृत्तांत गेला."

फाइल उघडत होती. पण पहिली नव्वद पानं म्हणजे इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची आणि डॉलरची चिन्हं यांचा नुसता काला. त्यापुढची पानं व्यवस्थित मराठीत. हे मात्र मला लगेच कळलं. सुरुवातीची पानं बाबांनी चरईतल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली होती, युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या जुन्या मराठी फॉन्टात. तसल्या फॉन्टात अक्षरं मुळात इंग्रजीच असतात, त्यांच्यावर फक्त देवनागरी चित्रं चढवलेली. फॉन्ट नसला की चित्रं उतरतात. आणि फॉन्ट राहतात विंडोजच्या फोल्डरात. मी कॉपी केला होता फक्त बाबांचा फोल्डर. अडीच तास थालीपीठं खात बसले आणि दोन-चार मिनिटांचं काम राहून गेलं. काकूंकडे वर्ड असतं तर तिथेच कळलं असतं.

डीटीपीवाले काका अजून त्याच गाळ्यात आहेत. फॉन्ट त्यांच्याकडे होता, लग्नपत्रिका अजून त्यातच करतात. "युनिकोडला ते वळण नाही हो," म्हणाले. पाच मिनिटांत माझ्या पेनड्राइव्हवर दिला, पैसे घेतले नाहीत, एक पत्रिका मात्र दाखवली. संध्याकाळी फॉन्ट बसवला आणि नव्वद पानं उठून बसली. ती आता युनिकोडमध्ये आणायचं काम चालू आहे. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसते. त्यामुळे बाबा रोज दोन पानं हाताने तपासतात.

सभेची नोटीस वेळेत गेली.

पुढच्या रविवारी गेले तेव्हा लॅपटॉपच्या बटणाशेजारी कागदाची पट्टी चिकटवलेली होती, बाबांच्या फळ्यावरच्या अक्षरात, 'टक्के दिसत असल्यास बंद करू नये.' नवीन विंडोजनेही आपलं कुलूप लावून घेतलं होतं, तेव्हा बाबांच्या अकाउंटातून नवी किल्ली काढून छापून दिली. एक प्रत मी घेतली, एक कपाटात ठेवायला. बाबांनी लगेच कपाट उघडलं नाही. पेन्सिल घेतली, कागद टेबलावर सपाट केला आणि ओठ हलवत एकेका गटाखाली बरोबरची खूण करत गेले. आठव्या खुणेनंतर कागदाची घडी घातली आणि एलआयसीच्या पिशवीत ठेवून दिला.